शाळेच्या संघासाठी कायद्याचा तास कसा घ्यावा: क्रीडाशिक्षकांसाठी पायरीपायरीने

दहावी-बारावीच्या खेळाडूंना कायदा सांगायचा म्हटलं की बहुतेक शाळांत ठरलेला कार्यक्रम होतो. पोलीस ठाण्यातून एक साहेब येतात, पाऊण तास ‘एक केस लागली की करिअर बाद’ एवढंच सांगतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतो. मुलं घाबरतात हे खरं. पण घाबरलेला मुलगा चूक टाळेलच असं नाही, झालेली चूक मात्र तो हमखास लपवतो. पळून जातो, व्हिडिओ डिलीट करतो, मित्राला खोटं बोलायला लावतो. मूळ भानगड लहान असते, लपवालपवीने ती वाढते.

म्हणून आमच्या कबड्डी आणि ॲथलेटिक्सच्या मुलांसाठी हा तास मी वेगळ्या पद्धतीने घेतो. काय केलं की काय होतं, कुणासमोर उभं राहावं लागतं आणि पहिला फोन कुणाला करायचा, एवढ्या तीन गोष्टींवर सगळा भर. तुम्ही पहिल्यांदाच असा तास घेणार असाल तर खालच्या क्रमाने जा. महाराष्ट्रातल्या शाळा आणि ज्युनिअर कॉलेजं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी हे जमवा

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी
- पालकांचं संमतीपत्र. त्यात विषय स्पष्ट लिहा: मोबाइल, मारामारी, लैंगिक गुन्हे, उत्तेजक द्रव्यं. नंतर ‘आमच्या मुलाला हे काय शिकवता’ ऐकायचं नसेल तर हे आधीच करा.
- खेळाडूंची यादी, जन्मतारखेसह. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून घ्या, मुलांना विचारून नको.
- जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला किंवा तालुका विधी सेवा समितीला पत्र
- मुलींचा संघ असेल तर एक शिक्षिका. त्या पूर्ण वेळ बसतील हे पाहा.
- कोऱ्या चिठ्ठ्या आणि कुलूप असलेली एक पेटी

१. वक्ता फुकट मिळतो, पण त्याला विषय तुम्ही द्या

विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, तालुक्याची समिती तालुका न्यायालयात. शाळांमध्ये कायदेविषयक शिबिरं घेणं हे त्यांचं कामच आहे, पैसे लागत नाहीत. शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या, दोन-तीन पर्यायी तारखा सुचवा. शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू होण्याआधीचा काळ बरा. एकदा सामने लागले की कुणाला बसायला वेळ नसतो.

इथे पहिला खड्डा. ‘कायदेविषयक मार्गदर्शन’ एवढंच पत्रात लिहिलंत तर वकीलसाहेब राज्यघटनेच्या उद्देशिकेपासून सुरुवात करतील आणि मुलं मागच्या बाकावर झोपतील. पत्रासोबत एक पान जोडा: आमचे खेळाडू १४ ते १९ वयाचे, प्रश्न हे हे आहेत. वक्त्यांना आदल्या दिवशी फोन करून पुन्हा सांगा.

पोलीस ठाण्यातूनही माणूस बोलवायचा असेल तर बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यांना बोलवा. अल्पवयीन मुलांची प्रकरणं हाताळण्यासाठी प्रत्येक ठाण्यात असा अधिकारी नेमलेला असतो. मुलांनी त्यांचा चेहरा पाहिलेला असणं हेच अर्धं काम.

२. फळ्यावर तारखा लिहा

माझ्या मते हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची. भाषण सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूला फळ्यावर स्वतःचं नाव आणि १८ वर्षं पूर्ण होण्याची तारीख लिहायला लावा. १९ वर्षांखालचा संघ असेल तर गंमत दिसते. एकाच जर्सीतली काही मुलं कायद्याने बालक, काही सज्ञान. कुणाची तारीख मागच्या महिन्यात होऊन गेलेली, कुणाची जिल्हा स्पर्धेच्या आठवड्यात.

मग सांगा. १८ पूर्ण न झालेल्या मुलाला २०१५ चा बाल न्याय कायदा लागू होतो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर हजर करावं लागतं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक महिला. मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं, जास्तीत जास्त ३ वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं. आणि १८ पूर्ण झालेला त्याचाच जोडीदार? तो सरळ नेहमीच्या फौजदारी न्यायालयात.

आणखी एक गोष्ट मुलांना माहीत नसते, शिक्षकांनाही क्वचितच. बालकाने केलेला गुन्हा लहान किंवा मध्यम स्वरूपाचा असेल तर त्याच्याविरुद्ध एफआयआर होत नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते. पण तोच प्रकार सज्ञान माणसाच्या साथीने केला असेल तर एफआयआर होतो. म्हणजे बारावीतल्या १८ पूर्ण झालेल्या कॅप्टनने अकरावीच्या पोरांना ‘चला रे’ म्हणून सोबत नेलं, तर त्याच्यामुळे त्यांच्याही नावाचा एफआयआर. हे वाक्य बोलल्यावर वर्गात सगळ्यांच्या माना कॅप्टनकडे वळतात.

३. १६ ते १८: इथे अर्धवट माहिती देऊ नका

‘अठराच्या आत काहीच होत नाही’ हा समज मुलांमध्ये पक्का आहे. तो मोडा. ज्या गुन्ह्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे त्याला कायदा ‘निर्घृण’ म्हणतो. १६ पूर्ण झालेल्या मुलाने असा गुन्हा केल्याचा आरोप असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं आणि त्याच्यावर सज्ञानासारखा खटला चालवण्यासाठी प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं.

उलट बाजूही सांगा, नाहीतर तुमचा तासही त्या साहेबांच्या भाषणासारखाच होईल. मंडळाने प्रकरण निकाली काढलं की त्या मुलाला पुढे कुठलीही अपात्रता चिकटत नाही. चारित्र्य पडताळणीसाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही, असं कायदा सांगतो. बाल न्यायालयात सज्ञानासारखा खटला चालून दोषी ठरलेल्याला मात्र हे संरक्षण नाही. आपली निम्मी पोरं पोलीस भरती नाहीतर सैन्य भरती डोळ्यांसमोर ठेवून पळत असतात. एका फालतू भानगडीनंतर ‘आता संपलं’ म्हणून सराव सोडणाऱ्या मुलासाठी हे वाक्य फार मोलाचं असतं.

४. मारामारी: मैदानाबाहेरची पाच मिनिटं

कलमं वाचू नका, प्रसंग द्या. मी देतो तो असा: फायनल हरलो. बाहेर वडापावच्या गाडीवर समोरच्या संघातल्या एकाने टोमणा मारला. आपल्यातल्या एकाने त्याची कॉलर धरली, दुसऱ्याने हात मागे धरले, तिसऱ्याने बुक्की मारली, दात पडला. चौथा व्हिडिओ काढत होता. बाकीचे ‘मार, मार’ ओरडत होते. कुणावर काय?

मुलांना आधी भांडू द्या, मग उत्तर द्या. दात पडणं किंवा हाड मोडणं म्हणजे भारतीय न्याय संहितेत ‘गंभीर दुखापत’, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. (१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड विधानाची जागा या संहितेने घेतली, नेटवर सापडणारे जुने कलम क्रमांक मुलांना देऊ नका.) हात धरणारा आणि मारणारा यांचा इरादा एकच असेल तर दोघे सारखेच जबाबदार. पाच किंवा जास्त जण एकाच बेकायदा उद्देशाने जमले तर तो बेकायदेशीर जमाव, आणि त्या उद्देशासाठी एकाने केलेल्या गुन्ह्याला सगळे जबाबदार. आपला कबड्डीचा संघ सातचा. आकडा मुलं स्वतःच जुळवतात.

एकदा एका चढाईपटूने विचारलं, “सर, चढाईत कोपर लागून दात पडला तर?” प्रश्न चांगला आहे, टाळू नका. खेळताना नियमांत राहून, मुद्दाम न केलेली इजा हा धोका खेळाडूने मैदानात उतरतानाच पत्करलेला असतो. शिट्टी वाजल्यानंतर मारलेला गुद्दा त्यात बसत नाही. स्टंप, बॅट किंवा हॉकी स्टिक उगारली तर ती खेळाचं साहित्य राहत नाही, पोलिसांच्या कागदावर हत्यार म्हणून येते.

वसतिगृहातल्या मुलांसाठी एक वेगळी ओळ. सीनियरने ज्युनिअरला रात्री उठवून पाय दाबायला लावणं, कपडे धुवायला लावणं, ‘परंपरा’ म्हणून पट्ट्याने मारणं हे महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात येतं. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला संस्थेतून काढतात आणि ५ वर्षं दुसऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही. पाच वर्षं प्रवेश नाही म्हणजे शालेय आणि विद्यापीठ स्पर्धा दोन्ही गेल्या, हे मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

५. फोन: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मुलं-मुली एकत्र बसवायची की वेगळी, हे तुमच्या शाळेच्या वातावरणावर ठरवा. मी आधी वेगळं आणि मग थोडा वेळ एकत्र बसवतो. वेगळं बसवल्यावर प्रश्न खरे येतात.

चेंजिंग रूममध्ये मित्र कपडे बदलत असताना ‘मजा म्हणून’ काढलेला व्हिडिओ. मुलांना यात गुन्हा दिसतच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार कुणाच्या खासगी अवयवांचं चित्रण संमतीशिवाय करणं किंवा पाठवणं याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. त्या चित्रणातली व्यक्ती १८ च्या आतली असेल आणि चित्रण लैंगिक स्वरूपाचं असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदाही लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातली शिक्षा मग पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत आणि १० लाखांपर्यंत दंड. असा व्हिडिओ नुसता जवळ ठेवण्यालाही सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये गुन्ह्याच्या कक्षेत धरलं आहे. ‘मी पुढे पाठवला नाही सर, नुसता सेव्ह होता’ हे उत्तर चालत नाही.

ग्रुप ॲडमिनचा प्रश्न दर वेळी येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही. ॲडमिनने स्वतः साथ दिली असेल तर गोष्ट वेगळी.

आणि प्रेमप्रकरणं. हा विषय सोडून देण्याचा मोह होईल, देऊ नका. पॉक्सोनुसार १८ च्या आतल्या व्यक्तीच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही. दोघं राजीखुशीने होते, दोघं एकाच वयाचे होते, हा बचाव कायद्यात नाही. शरीरसंबंध आला असेल तर किमान शिक्षा १० वर्षं, समोरची व्यक्ती १६ च्या आतली असेल तर २०. म्हणजे तिसऱ्या पायरीतला ‘निर्घृण’ शब्द इथे लागू होतो. हे शक्यतो वकिलांकडूनच सांगून घ्या, संयमाने. मुलींकडे बोट दाखवून बोलणारा वक्ता असेल तर मध्येच थांबवा, पाहुणा आहे म्हणून गप्प बसू नका.

सट्ट्याबद्दल थोडक्यात: पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे. हजारभर फॉलोअर झालेला आपला खेळाडू चार पैशांसाठी रीलवर असल्या ॲपची लिंक टाकतो, तेव्हा तो जाहिरात करणाऱ्यांत जाऊन बसतो.

६. वयाचा दाखला आणि दुसऱ्याच्या नावावर उतरणं

कबड्डीवाल्यांना हे सांगायला नको. गावच्या वजनी गटाच्या स्पर्धेत एक पोरगा दुसऱ्याच्या आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन उतरतो, आयोजक काणाडोळा करतात, बक्षिसाची रक्कम वाटली जाते. सगळे याला ‘ॲडजस्टमेंट’ म्हणतात. कायदा याला तोतयेगिरी करून केलेली फसवणूक म्हणतो, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. जन्मदाखल्यातली तारीख खोडून केलेली नवी प्रत ही बनावट कागदपत्रं. कागद बनवणारा आणि तो खोटा आहे हे माहीत असून वापरणारा, दोघांना शिक्षा सारखीच.

क्रिकेटमध्ये बीसीसीआय वय तपासायला हाडांची चाचणी करते आणि वय लपवल्याचं सिद्ध झालं तर दोन वर्षांची बंदी घालते. शासकीय नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते. महाराष्ट्रात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर मिळवलेल्या नोकऱ्या गेल्या आहेत, गुन्हे दाखल झाले आहेत. सतराव्या वर्षी खपून गेलेला कागद पंचविसाव्या वर्षी टेबलावर येतो.

इथे खड्डा मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. प्रवेशिकेवर सही मुख्याध्यापकांची आणि तुमची असते. ‘सर, एक महिन्याचाच फरक आहे’ म्हणत पालक येतात. रजिस्टर उघडून दाखवा आणि विषय तिथेच संपवा.

७. गाडी

पहाटेच्या सरावाला मुलं बापाच्या गाडीवर ट्रिपल सीट येतात, आणि आपण ग्राउंडच्या कोपऱ्यात ती गाडी लावलेली बघतो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो: ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. चालक पदाच्या भरतीचं स्वप्न असलेल्या मुलाला हा शेवटचा भाग दोनदा सांगा.

‘बिनगिअरची गाडी सोळाव्या वर्षी चालते’ हे खोटं. सवलत ५० सीसीपर्यंतच्या गाडीला आहे. घरोघरी असलेल्या स्कूटर १०० सीसीच्या वरच्या.

मुलं पुण्याच्या कल्याणीनगरच्या अपघाताचा विषय काढणारच. मे २०२४, दोघांचा जीव गेला, आणि सगळ्यांच्या लक्षात राहिला तो ३०० शब्दांचा निबंध. त्यांना पुढचा भाग सांगा: रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि मुलाच्या आईवडिलांना अटक झाली. अपघात मुलाच्या हातून झाला, त्यावर पांघरूण घातल्याचा आरोप घरच्या मोठ्यांवर आला.

८. डबे, इंजेक्शनं आणि पुड्या

डोपिंगमध्ये सापडला म्हणून खेळाडू तुरुंगात जात नाही, पण बंदी चार वर्षांपर्यंत जाऊ शकते. शरीरात द्रव्य सापडलं की जबाबदारी खेळाडूची, ‘जिमवाल्या दादाने दिलं’ हे कारण पुरत नाही. नमुना द्यायला नकार देणं किंवा पळून जाणं हाही नियमभंगच. २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाचं (देशातल्या उत्तेजक चाचण्या घेणाऱ्या संस्थेचं) पथक आल्याचं कळलं आणि १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला. हा किस्सा सांगितला की मुलं हसतात, मग हळूच एखादा विचारतो, “सर, सर्दीची गोळी चालते का?” डॉक्टरांना ‘मी खेळाडू आहे’ हे आधी सांगायचं आणि औषधाचं नाव नाडाच्या ‘नो युअर मेडिसिन’ ॲपवर तपासायचं, एवढी सवय लावा.

ई-सिगारेटवर २०१९ पासून देशात बंदी आहे. दारूला महाराष्ट्रात वय २५, बिअरला २१. विजयी मिरवणुकीत मुलांच्या हातात बाटली देणाऱ्या ‘कार्यकर्त्यांना’ हे ऐकवा: बालकाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे.

९. घडलंच, तर पहिला दिवस

हा भाग मुलांकडून करून घ्या. दोघांना उभं करा: एक खेळाडू, एक पोलीस. क्रम असा:

जखमी माणूस असेल तर आधी दवाखाना, ११२. तिथून पळायचं नाही. मग आईवडिलांना फोन, मग सरांना. फोनमधलं काहीही डिलीट करायचं नाही. ठाण्यात नाव आणि वय खरं सांगायचं, वयाचा पुरावा घरच्यांनी घेऊन यायचा. वय ठरवताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी पाहिलं जातं. कोऱ्या कागदावर सही नाही. वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवा, मुलांना ती मोफत आहे. अडचणीत सापडलेल्या मुलासाठी १०९८. फोटो-व्हिडिओ फिरवायची धमकी येत असेल तर पैसे द्यायचे नाहीत, सायबर पोलिसांकडे जायचं. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३०.

वर्तमानपत्रात किंवा गावच्या ग्रुपवर त्या मुलाचं नाव आणि फोटो टाकणं हा गुन्हा आहे. हे पालकसभेत सांगा.

१०. मुलं तुमच्याकडे येतील, तेव्हा

तास संपल्यावर पेटीत निनावी चिठ्ठ्या टाकायला सांगा. पेटी तुम्ही आणि शिक्षिका मिळून उघडा. बहुतेक चिठ्ठ्या मोबाइलबद्दल असतात. पण एखादीत प्रशिक्षकाबद्दल, शेजाऱ्याबद्दल, प्रवासातल्या एखाद्या मोठ्या माणसाबद्दल काही लिहिलेलं निघू शकतं.

तेव्हा ‘आधी खात्री करू, संस्थेची बदनामी नको’ असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं पॉक्सोनुसार बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाविरुद्धची माहिती दडवली तर १ वर्षापर्यंत. चौकशी करणं तुमचं काम नाही, मुलीला चार जणांसमोर पुन्हा पुन्हा सांगायला लावणं तर अजिबात नाही. चिठ्ठी तशीच जपून ठेवा, मुख्याध्यापकांना लेखी कळवा, पोहोच घ्या आणि त्याच दिवशी ठाण्यात जा.

एक कागद लॅमिनेट करून किटबॅगच्या प्रथमोपचार पेटीत ठेवा: ११२, १०९८, १५१००, १९३०, तुमचा नंबर, शिक्षिकेचा नंबर आणि तुमच्या ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यांचं नाव. अधिकारी बदलतात, तेव्हा नाव दर हंगामात नवं लिहा. आणि फळ्यावरच्या त्या तारखा वहीत उतरवून घ्या. वर्षाच्या मध्ये ज्याचा अठरावा वाढदिवस येईल, त्याला सरावानंतर दोन मिनिटं थांबवून त्या दिवशी काय बदललं ते एकट्याला सांगायचं असतं.